विहिणीची भाषा



वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी पुन्हा एकदा मुळाक्षरे गिरवू लागले, त्याची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. माझे सारे आयुष्य अकोटास गेले. तेथल्या एका शाळेत पस्तीस वर्षे मी मराठी शिकविले. भाषा ही आपण इतरांना शिकवावयाची वस्तू आहे, स्वतः शिकावयाची नव्हे, असा एक समज त्यामुळे नकळत माझ्या अंगी मुरला होता. तो मोडावयास माझ्या मुलाचे लग्न कारण झाले. मुलगा नोकरीनिमित्त हो ची मिन्ह नगरात, म्हणजे जुन्या सायगावात, गेला आणि तेथेच त्याने संसार मांडला. सून व्हिएतनामी आहे. तिला इंग्रजी येते, मलाही कामापुरते येते, तेव्हा सासूसुनांचे अडत नाही. अडते ते विहीणबाईंशी. त्या मेकाँग नदीच्या मुखप्रदेशातील एका खेड्यात राहतात आणि स्वभाषेवाचून दुसरी कोणतीही भाषा त्यांना येत नाही. लग्नाच्या दिवशी आम्ही दोघी एका बाकावर पाऊण तास शेजारी शेजारी बसलो होतो. त्यांनी माझ्या साडीचा काठ चाचपून पाहिला, मी त्यांच्या हातातील हिरव्या दगडाची बांगडी न्याहाळली, आणि आम्ही हसलो. पाऊण तासात याहून अधिक काही घडले नाही. पुढे नात झाली. आता या मुलीच्या दोन आज्यांनी जन्मभर एकमेकींच्या साड्या आणि बांगड्याच पाहत बसावयाचे काय, असे माझ्या मनात आले, आणि मी व्हिएतनामी भाषेचे एक पुस्तक मागविले.

आरंभ फार आशादायक झाला. ज्या मराठी शिक्षिकेचा निम्मा जन्म 'तो पुल्लिंगी का आणि ती स्त्रीलिंगी का' हे समजावून सांगण्यात गेला, तिला हे व्याकरण म्हणजे माहेरपणच वाटले. या भाषेत नामांना लिंग नाही, विभक्ती नाही. 'मी जातो, तू जातेस, ते जातात' या तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच राहते, त्याला कसलाही प्रत्यय लागत नाही. क्रियापदाच्या आधी एक लहानसा शब्द ठेवला की भूतकाळ होतो, दुसरा ठेवला की भविष्यकाळ. आणि संदर्भाने काळ कळत असेल तर तेवढाही खर्च करावयाचे कारण नाही. विशेषण नामाच्या मागून येते. वस्तू मोजताना आपण 'चार जण' म्हणतो, त्याप्रमाणे तेथे प्राण्यांसाठी एक, निर्जीव वस्तूंसाठी दुसरा, असे निरनिराळे 'जण' लावावे लागतात. प्रश्न विचारावयाचा तर वाक्याच्या शेवटी, आपल्या 'का'सारखाच, एक शब्द ठेवतात. पंधरा दिवसांत मी पुस्तकाचा तिसरा भाग संपविला आणि मुलाला अभिमानाने कळविले की, भाषा सोपी आहे. त्याने उत्तरादाखल विचारले, "आई, तू ती ऐकली आहेस का?"

मी ती ऐकली नव्हती, वाचली होती. ध्वनिमुद्रित धडे ऐकावयास बसले तेव्हा माझे माहेरपण संपले.

या भाषेत शब्दाचा अर्थ त्याच्या सुरावर ठरतो. उत्तरेकडे असे सहा सूर आहेत. 'मा' हे एकच अक्षर घ्या. ते सरळ, पट्टीत म्हटले तर त्याचा अर्थ भूत. हळूहळू खाली उतरवत नेले तर 'पण'. खालून वर चढविले तर गाल. आणि दक्षिणेकडे आईलाही हेच म्हणतात. खाली बुडवून पुन्हा वर आणले तर थडगे. मध्येच गळ्यात अडखळवून वर फेकले तर घोडा. आणि खालच्या पट्टीत एकदम तोडून टाकले तर भाताचे रोप. आता आपण आकाशवाणीवर आहोत म्हणून मला हे सहाही प्रकार, बरेवाईट कसे का होईना, आपणांस ऐकविता आले. हे भाषण पुढे मासिकात छापले जाईल तेव्हा वाचकांना भूत, आई आणि घोडा यांत काडीचा फरक दिसावयाचा नाही, त्याला माझा नाइलाज आहे.

आपण मराठी माणसे सूर वापरीत नाही असे नाही. 'हो' हा शब्द आपण होकारार्थी म्हणतो, शंकेने म्हणतो, कंटाळून म्हणतो, आणि प्रत्येक वेळी त्याचा सूर बदलतो. परंतु त्या सुराने बोलणाराचे मन कळते, शब्द बदलत नाही. त्यामुळे शब्द ऐकताना सूर बाजूला काढून ठेवावयाची सवय आपल्या कानाला पाळण्यापासून लागलेली असते. व्हिएतनामी शिकू लागणाऱ्या प्रौढ माणसाची खरी अडचण जिभेची नसून या कानाची आहे. जे आजवर टाकून दिले, तेच आता वेचून घ्यावयाचे. मी प्रश्न विचारी तेव्हा सवयीने शेवटी आवाज चढवी, आणि त्याबरोबर शेवटच्या शब्दाचा अर्थच पालटे. हे समजावयास मला चार महिने लागले.

अखेरीस माझ्या मदतीला आला तो आपला वेद. लहानपणी माझे वडील पूजेला बसत तेव्हा त्यांच्या पोथीतील अक्षरांच्या वर उभ्या आणि खाली आडव्या रेघा असत, त्या मला आठवल्या. उदात्त, अनुदात्त, स्वरित. 'इंद्रशत्रु' या शब्दाचा स्वर चुकला म्हणून इंद्राला मारणारा जन्मण्याऐवजी इंद्राकडून मरणारा जन्मला, ही कथा आपण ऐकलेली असेल. ती मी कित्येक वर्षे वर्गात गमतीची गोष्ट म्हणून सांगत असे. आता ती माझ्यावरच ओढवली होती. मी देवनागरीत व्हिएतनामी शब्द लिहून त्यांच्यावर पोथीतल्यासारख्या रेघा ओढावयास लागले आणि पहाटे गच्चीवर बसून ते मोठ्याने घोकू लागले. शेजारच्या एका बाईंनी मी कोणते अनुष्ठान आरंभिले आहे याची चौकशी केली, तेव्हा खरे सांगण्याचा मला धीर झाला नाही.

त्या भाषेची स्वतःची आजची लिपीही परक्यांनी अशीच बसवून दिलेली आहे. सतराव्या शतकात ख्रिस्ती पाद्र्यांनी रोमन अक्षरांवर सुरांच्या खुणा चढवून ती तयार केली. त्यांपैकी आलेक्सांद्र द रोद याने तयार केलेला व्हिएतनामी, पोर्तुगीज व लॅटिन असा त्रिभाषी कोश १६५१ मध्ये रोम येथे छापला गेला. हा गृहस्थ पूर्वेकडे जाताना १६१९ पासून काही काळ गोव्यात राहिला होता. त्याच्या आधी तीनच वर्षे, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' तेथे रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले होते. परक्या भाषेला रोमन अंगरखा शिवण्याचा उद्योग तेव्हा गोव्यात भरात होता. आपल्या मराठीने तो अंगरखा उतरवून ठेवला, व्हिएतनामने तो कायमचा अंगावर घेतला.

दीड वर्षाच्या घोकंपट्टीनंतर मी विहीणबाईंना भेटावयास गेले. तेथे जाण्यापूर्वी एक गोष्ट कळून मला फार आनंद झाला होता. इंग्रजांजवळ व्याही आणि विहीण यांना शब्द नाही. व्हिएतनामी लोकांजवळ तो आहे. दक्षिणेकडे ते त्याला 'सुय' म्हणतात. त्या भाषेत 'मी' आणि 'तू' यांना सर्वत्र चालेल असा साधा शब्द जवळजवळ नाहीच. समोरच्याशी आपले नाते काय, वय काय, हे कळल्यावाचून तोंड उघडता येत नाही. मग स्वतःला ताई म्हणावयाचे, दादा, आजी, मावशी किंवा धाकटे भावंड म्हणावयाचे. म्हणून तेथे पहिल्या भेटीत वय विचारणे असभ्यपणाचे समजत नाहीत. वऱ्हाडात ज्याला अनोळखी म्हातारीला 'माय' म्हणावयाची सवय आहे, त्याला यात नवल वाटू नये. मी विहीणबाईंना 'बा', म्हणजे आजीबाई, अशी आदराने हाक मारावयाचे ठरविले होते. सूर खाली उतरवावयाचा होता. मी घाईत तो सरळ ठेवला. सरळ 'बा' म्हणजे तीन, आणि त्या दक्षिण प्रदेशात बापालाही 'बा'च म्हणतात. पन्नास माणसांसमोर मी विहिणीला बाप म्हटले. त्या पदराआड नव्हे, चांगल्या मोठ्याने हसल्या, माझा हात धरून त्यांनी तो शब्द सहा वेळा माझ्याकडून म्हणवून घेतला, आणि त्या क्षणापासून आमची मैत्री झाली. शिवाय मी घोकलेले उच्चार हनोईकडचे निघाले. दक्षिणेत सहापैकी दोन सूर एकत्र मिसळून पाचच उरतात, आणि उत्तरेतला 'झ' तेथे 'य' होतो. म्हणजे पुण्याची मराठी शिकून एखादा थेट आमच्या अकोटच्या बाजारात उतरावा, तशी माझी गत झाली.

पण ज्या प्रसंगासाठी मी आज येथे बसले आहे, तो दुसऱ्या दिवशीचा आहे. माझी नात तेव्हा चार वर्षांची होती. ती आपल्या वडिलांना 'बाबा' म्हणते. माझ्या मुलाने तेवढा एक मराठी शब्द हौसेने टिकविला आहे. अंगणात गावातली मुले जमली होती. हिने 'बाबा' म्हणून हाक मारताच ती सारी खो खो हसू लागली. व्हिएतनामी भाषेत 'बा बा' म्हणजे कासव. मऊ पाठीचे, चिखलात राहणारे. मुलांना वाटले, ही आपल्या बापाला कासव म्हणते. एक मुलगा तर हातपाय आखडून कासवासारखा चालून दाखवू लागला. मोठी माणसेही हसली. त्यात दुष्टपणा मुळीच नव्हता. परंतु मी नातीचे तोंड पाहिले. ती रडली नाही. तिने फक्त ओठ मिटून घेतले. त्या दिवसभर तिने वडिलांना कोणत्याच शब्दाने हाक मारली नाही. काही हवे असले म्हणजे जवळ जाऊन सदऱ्याचे टोक ओढी.

असे मिटलेले ओठ मी पूर्वी पाहिले होते. कोठे, ते रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवले.

आमच्या अकोटच्या उत्तरेस सातपुड्याची रांग आहे. पोपटखेडच्या वाटेने वर गेले की नरनाळ्याचा किल्ला लागतो, आणि त्याच्या पलीकडे मेळघाट पसरला आहे. त्या डोंगरात कोरकू लोक राहतात. मेळघाट व्याघ्रप्रकल्पातून हलविलेली त्यांची काही गावे अलीकडे अकोट आणि तेल्हारा तालुक्यांतही वसली आहेत. पण त्याच्याही पुष्कळ आधीपासून पायथ्याच्या गावांतली कोरकू मुले आमच्या शाळेत येत. ती मागे बसत, फारशी बोलत नसत, आणि आम्ही शिक्षक त्यांना 'मंद' या सदरात घालून मोकळे होत असू. एकदा पाचवीच्या वर्गात मी चित्रांचा तक्ता लावला होता. माशाच्या चित्रावर छडी ठेवून त्यांतल्या एका मुलाला विचारले, "हे काय?" तो म्हणाला, "काकू." वर्ग फुटला. मीही हसले, आणि म्हणाले, "काकू स्वयंपाकघरात असते, पाण्यात नव्हे." पुन्हा हशा झाला. त्या मुलाने ओठ मिटले. माझ्या तासाला त्याने पुढे कधी उत्तर दिले नाही, आणि पुढच्या वर्षी तो शाळेत आला नाही. त्या हसण्यामुळेच तो आला नाही असे म्हणावयास मजजवळ आधार नाही. परंतु त्यामुळे नव्हे, असे म्हणावयासही नाही.

विहिणीच्या घरात अंधारात पडल्या पडल्या मी प्रथमच स्वतःला विचारले की, तो मुलगा काय म्हणाला होता? आणि लगेच दुसरी गोष्ट मनात आली. त्या दिवशी दुपारच्या जेवणात मासा होता आणि विहीणबाईंनी मला त्याचे नाव शिकविले होते. चढत्या सुरात 'का'.

योगायोग म्हणून मी तो विचार झटकला. 'माय' म्हणजे आमच्याकडे आई, आणि उतरत्या सुरात तेच अक्षर व्हिएतनामीत तुच्छतेने 'तू' म्हणावयाचा शब्द. असल्या साम्यांना काही अर्थ नसतो हे मला ठाऊक होते. तरी घरी परतल्यावर मी त्या पुस्तकाची प्रस्तावना उघडली. प्रस्तावना वाचावयाची नसते, हा सर्व विद्यार्थ्यांचा नियम मीही पाळला होता. तीत लिहिले होते की, व्हिएतनामी ही ऑस्ट्रो-आशियाई कुळातली भाषा असून कंबोडियाची ख्मेर, ब्रह्मदेशातली मोन, आसामच्या बाजूची खासी, आणि हिंदुस्थानातील संथाळी, मुंडारी इत्यादी मुंडा भाषा याच कुळात मोडतात. आणि या साऱ्या कुळात अगदी पश्चिमेची भाषा म्हणजे कोरकू.

माझ्या गच्चीवरून सातपुडा दिसतो.

पंडितांनाही हे नाते सहज सापडले नाही, एवढेच माझे समाधान. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा चौथा खंड १९०६ मध्ये निघाला, त्यात कोरकूची नोंद मुंडा भाषांत झाली होती. परंतु व्हिएतनामीचे घोडे सुरांपाशी अडले. बाकीच्या बहुतेक भावंडांना सूर नाहीत, हिलाच आहेत, म्हणून आंरी मास्पेरो या फ्रेंच विद्वानाने १९१२ मध्ये तिला सयामी भाषेच्या गोतात बसविले. पुढे १९५३-५४ मध्ये आंद्रे ओद्रिकूर याने दाखवून दिले की, हे सूर मूळचे नव्हेतच. पूर्वी शब्दांच्या शेवटी 'ह'सारखे किंवा गळा आवळल्यासारखे ध्वनी होते. ते झिजून गेले आणि त्यांच्या जागी सूर उरला. कापसाची गाडी निघून जाते आणि वाटेवरच्या बाभळीच्या काट्यांना कापूस लागून राहतो, तसे. पुढे आरंभीच्या व्यंजनांतला घोष-अघोष भेदही असाच लोपला, आणि तीन सुरांचे सहा झाले.

मी माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला बोलावून घेतले. ती कोरकू आहे. आता गावात आरोग्यसेविकेचे काम करते. वही उघडून मी विचारीत गेले. डोळा? 'मेड.' व्हिएतनामीत 'मात्'. नाक? 'मू.' तिकडे 'मुय'. हात? 'ती.' तिकडे 'ताय'. मुलगा? 'कोन.' व्हिएतनामीतही मूल म्हणजे 'कोन', जसेच्या तसे. आकडे मोजावयास सांगितले, तर 'मिया, बारी, आफई, उफुन'. व्हिएतनामीत 'मोत्, हाय, बा, बोन्'. यांत 'बारी' आणि 'हाय' यांचे नाते कानाला पटत नाही, परंतु व्हिएतनामीची सख्खी बहीण जी मुआँग भाषा, तीत दोनाला 'हाल' म्हणतात. मधला दुवा असा सापडतो. पाण्याला कोरकू 'डा' म्हणतात आणि व्हिएतनामी 'नुओक्'. पंडित हे दोन्ही शब्द एकाच मुळातून काढतात, पण मला ते त्यांच्या शब्दावर विश्वासूनच मानावे लागते. कोणी असा ग्रह करून घेऊ नये की, कोरकू माणूस सायगावात उतरला तर त्याला तेथले बोलणे समजेल. कित्येक हजार वर्षांची ताटातूट आहे. आपले 'दोन' आणि रशियन 'द्वा' एका घरचे, म्हणून आपल्याला रशियन कळत नाही.

शेवटी मी विचारले, "मासा?"

ती एकदम बोलली नाही. माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "काकू." आणि थोड्या वेळाने, "तुमाले आठोते का, बाई?" ती त्याच वर्गात होती.

मी 'आठवते' म्हटले. याहून अधिक आम्ही त्याविषयी बोललो नाही.

गेल्या जनगणनेत, म्हणजे २०११ मध्ये, कोरकू बोलणारे लोक सात लक्षांहून अधिक भरले. मी पस्तीस वर्षे त्यांच्या शेजारी राहिले आणि त्यांच्या भाषेतला डोळा, हात, पाणी यांपैकी एक शब्द मला माहीत नव्हता. जो माहीत झाला होता तो मी हसून घालविला. नातीसाठी दीड हजार कोसांवरची भाषा शिकावयास निघाले नसते, तर तोही तसाच गेला असता.

आता ती विद्यार्थिनी आठवड्यातून एकदा येते. माझ्या वहीत पूर्वी दोन रकाने होते, मराठी आणि व्हिएतनामी. आता तिसरा वाढला आहे. विहीणबाईंना मी दूरध्वनीवर तिसऱ्या रकान्यातले शब्द ऐकविते, तेव्हा त्या म्हणतात, हे मेकाँगच्या वरच्या डोंगरातल्या लोकांचे बोलणे वाटते. नात पुन्हा 'बाबा' म्हणू लागली आहे. कासवाचे चित्र दाखवून तिनेच शेजारच्या मुलांना दोन्ही अर्थ समजावून दिले, असे सुनेने कळविले. येत्या दिवाळीत दोघी अकोटास यावयाच्या आहेत.

माझ्या नव्या अभ्यासाची प्रगती मात्र यथातथाच आहे. कोरकू भाषा सुरांवाचून असेल, तेवढी तरी सवलत मिळेल, अशी माझी समजूत होती. परंतु नॉर्मन झाइड या अमेरिकन भाषापंडिताने १९६६ मध्येच लिहून ठेवले आहे की, कोरकूतही एक नीच सूर आहे. तो व्हिएतनामीच्या सुरांहून स्वतंत्रपणे उपजलेला आहे. मागल्या बाकांवरून तो माझ्या कानांवर वर्षानुवर्षे पडत होता. परवा एका शब्दापाशी मी अडले. चार वेळा म्हणून दाखविला, चारही वेळा विद्यार्थिनीने मान हलविली. पाचव्या वेळी तिने माझ्यासारखीच छडी ठेवावी तसे वहीवर बोट ठेवले आणि म्हणाली, "बाई, आवाज खाली घ्या न. अजून खाली."